शिट्टी नको, किल्ली द्या

दोस्तांनो, हिंजवडीच्या आयटी पार्कच्या गेटावर कोण उभं असतं ते एकदा नीट बघा. आपल्या मुळशी तालुक्यातलीच ही जमीन. आत काचेच्या इमारती, बाहेर रजिस्टर घेऊन वॉचमन. त्यातला एखादा पंधरा-सतरा वर्षं फौज करून आलेला असतो. सरहद्दीवर रायफल, इथं शिट्टी. याला म्हणे पुनर्वसन!

आमच्या बापजाद्यांना हे काम नवं नाही. येसकर म्हणून महारानं गावाची वेस राखली आणि स्वतः राहिला वेशीबाहेर. १९५८ च्या कायद्यानं ती वतनं गेली. आता वेशीच्या जागी लोखंडी दांडा आलाय, एवढंच.

मी गोदीत माल ओढणारा, मॅट्रिक शिकलेला. पण एवढं कळतं की आजचा चोर भिंत फोडून येत नाही. जून २०१७ मध्ये कॉम्प्युटरवरच्या हल्ल्यानं न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. क्रेन शाबूत, पण कुठला कंटेनर कुठं जायचा हे सांगणारं यंत्रच आंधळं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी गेले. ना गेट तुटलं, ना तिजोरी फुटली.

मग खरा पहारा कुठं? आत, स्क्रीनसमोर. तिथंही रात्रपाळी असते. कोण आलं, किती वाजता, कुठल्या दारानं, त्या नोंदी वाचायच्या. वेगळं दिसलं की लगेच वर्दी द्यायची. अरे, हे तर संतरीचंच काम! फौजी ते करूनच आलाय. त्याला हवं नेटवर्कचं, लिनक्सचं आणि कामापुरत्या इंग्रजीचं शिक्षण. ते काही ब्रह्मज्ञान नव्हे. असतं तरी आम्ही घेतलंच असतं.

आमच्या घरात अक्षरं आली तीसुद्धा फौजेच्या वाटेनं. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिकवत. त्या घरात बाबासाहेब घडले. १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, तेव्हा रिटायर फौजी गोपाळबाबा वलंगकर अर्ज घेऊन उभे राहिले. भरतीबरोबर शाळेचं दारही बंद होत होतं.

अमेरिकेनं १९४४ साली कायदा करून महायुद्धातून परतलेल्यांना कॉलेजचा खर्च दिला. कायदा सर्वांसाठी, पण दक्षिणेत काळ्या सैनिकाला गोऱ्यांच्या कॉलेजात पाय ठेवता येत नव्हता. आज तिथली कम्युनिटी कॉलेजं माजी सैनिकांना हेच सायबर पहाऱ्याचं काम शिकवतात. म्हणून सांगतो, योजना कागदावर येणं वेगळं आणि वस्तीत येणं वेगळं.

आपल्याकडंही पुनर्वसन महासंचालनालय आहे, त्याचे कोर्स आहेत. पण २०२२ ची अग्निपथ योजना बघा. चार वर्षं नोकरी, मग चारातले तिघे घरी. पंचविशीची पोरं, पेन्शन नाही. किती जणांना शिट्ट्या वाटणार?

आमची मागणी साधी आहे. पौडला, तालुक्याच्याच गावी, वर्षाचा कोर्स काढा. दहावी पास फौजीला घ्या. मराठीतून शिकवा, सोबत इंग्रजी शिकवा. फी नको, उलट शिकेपर्यंत चूल पेटेल एवढा भत्ता द्या. जागा राखीव ठेवा. आणि हिंजवडीच्या कंपन्यांनी आधी लेखी द्यावं की पास झालेला माणूस आत बसेल, गेटावर नाही.

पहारा द्यायला आम्ही कधीच नाही म्हटलं नाही. पण या खेपेला किल्ली आमच्या कमरेला पाहिजे.