युद्धाचा हिशेब कुठल्या ओळीत?

रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर हल्ला केला आणि तीनच दिवसांत ब्रिटनच्या बीपीने रोसनेफ्त या रशियन तेल कंपनीतला १९.७५ टक्के हिस्सा सोडत असल्याचे जाहीर केले. मे महिन्यात तिमाही निकाल आले. रशियातून बाहेर पडण्यापोटी २५.५ अब्ज डॉलरचा बोजा, निव्वळ तोटा २०.४ अब्ज.

त्याच निकालात आणखी एक आकडा होता : ६.२ अब्ज डॉलरचा नफा, दशकभरातला सर्वांत मोठा. हा 'मूळ व्यवसायाचा' नफा. रशियाचा फटका त्यातून वगळलेला. तेल-वायूच्या चढ्या दरांची कमाई मात्र त्यात पुरेपूर धरलेली. युद्धाने नेलेला पैसा स्वतंत्र ओळीत ठळक दिसतो, युद्धाने आणलेला पैसा रोजच्या धंद्यात मिसळून जातो. ही मांडणी नियमात बसत असली, तरी वाचणाऱ्यावर अन्याय करणारी आहे.

त्या २५.५ अब्जांची फोडही पाहण्यासारखी. त्यातले सुमारे ११ अब्ज म्हणजे २०१३ पासून साचलेले विनिमय दराचे नुकसान. ते इतकी वर्षे थेट भागधारकांच्या निधीत (इक्विटीत) जात होते. हिस्सा सोडताच नफा-तोटा पत्रकात आले. युद्धाच्या नावावर पडलेल्या तोट्याचा मोठा भाग युद्धाआधीचाच होता तर!

युरोपच्या रोखे बाजार नियामकाने, एस्माने, मे २०२२ मध्ये कंपन्यांना सावध केले : युद्धाचा परिणाम पत्रकात वेगळा काढू नका, टिपांत सविस्तर सांगा. हे योग्यच. विक्री, खर्च, व्याज अशा सगळ्या कलमांत पसरलेल्या परिणामाचा सोयीचा तुकडा उचलला की चित्र बिघडते.

भारताची गोष्ट वेगळी. ओएनजीसी विदेशने रशियातल्या साखालिन-१ या तेल प्रकल्पातला २० टक्के हिस्सा सोडला नाही. इंडियन ऑइल, ऑइल इंडिया आणि मुंबईच्या भारत पेट्रोलियमची उपकंपनीही रशियन तेलक्षेत्रांत भागीदार राहिल्या. लाभांश मिळत गेला, पण निर्बंधांमुळे मायदेशी आणता येईना. रक्कम रशियातल्या बँकेतच अडकली.

या कंपन्यांचे शेअर ज्यांच्या घरात आहेत, त्यांनी वार्षिक अहवालातल्या एकत्रित हिशेबाच्या टिपा उघडून रशियाचा उल्लेख शोधावा. अडकलेली रक्कम किती आणि ती कोणत्या मार्गाने येणार, हे तिथे स्पष्ट नसेल, तर वार्षिक सभेत उभे राहून विचारावे.