घाटंजीत हॉटेल कधी उघडं, कधी बंद : शटरमागचं गणित आणि खेड्यावरून येणाऱ्याची उपाशी दुपार

घाटंजी : पारवा, शिवणी, कुर्ली, सायतखर्डा या भागातला माणूस तालुक्याला निघतो तेव्हा घरून फक्त चहा घेऊन निघतो. तहसील, बँक, ग्रामीण रुग्णालय, कोर्ट, बाजार समिती, कुठंतरी रांगेत उभं राहायचंच असतं. गाडीतून उतरल्यावर आधी पोटाला काहीतरी, मग काम, असा हिशेब असतो. स्टँडजवळच्या हॉटेलासमोर येऊन पाहावं तर शटर खाली. काल याच वेळी कढईतून गरम आलुबोंडा निघत होता, आज बाहेरचा बाकडाही आत गेलेला. शेजारच्या पानठेल्यावर विचारलं की उत्तर ठरलेलं, "आज नाही उघडलं बाप्पा, उद्या पाहा."

उद्या पाहायला तो थोडीच येणार आहे? त्याचं काम आज आहे.

तालुक्याच्या गावातली लहान हॉटेलं अशी मनास येईल तेव्हा उघडतात आणि मनास येईल तेव्हा बंद होतात, ही तक्रार जुनी आहे. "मालकाला गरजच नाही" असं म्हणून लोक मोकळे होतात. पण भट्टीमागं उभं राहून पाहिलं तर बहुतेक वेळा कारण आळसाचं नसतं.

पहिली गोष्ट माणसांची. असं हॉटेल म्हणजे नवरा-बायको, एखादा कारागीर आणि टेबल पुसायला एक पोरगा. यातला एक जण कमी पडला की दुकान उघडत नाही. घरात कोणी आजारी पडलं, सोयऱ्यात मयत झाली, पोराची परीक्षा आली की शटर खाली. मोठ्या हॉटेलात मालक गावाला गेला तरी मॅनेजर गल्ल्यावर बसतो. इथं मालकच मॅनेजर आणि मालकच आचारी. कापूस वेचणीचे दिवस आले की कामाला माणूस मिळणं आणखी कठीण होतं, कारण किलोवर वेचणीचा पैसा हॉटेलच्या रोजापेक्षा बरा पडतो.

दुसरी गोष्ट ऑर्डरीची, आणि हेच खरं मोठं कारण आहे. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते ती पावसाळा तोंडावर येईपर्यंत चालते. शिवाय बारसं, वास्तू, तेरवी वर्षभर असतातच. हॉटेलचा कारागीरच गावचा आचारी असतो. समजा हॉटेलचा दिवसाचा गल्ला दोन हजार आहे. तेल, बेसन, दूध, गॅस, पोराचा रोज काढला तर हाती पाचशे-सहाशे उरतात, तेही गिऱ्हाईक आलं तर. आणि शंभर-दोनशे पानांच्या एका स्वयंपाकात आठवड्याची कमाई एका दिवसात होते, त्यात माल वाया जायची भीती नाही, कारण किराणा यजमानाचा. अशा वेळी कोणता शहाणा माणूस पंचवीस प्लेट पोह्यांसाठी हॉटेल उघडं ठेवील? त्याच्या जागी कोणीही असता तरी शटर ओढून गंज-कढया गाडीत टाकून निघाला असता.

तिसरी गोष्ट वाया जाणाऱ्या मालाची. बाजाराच्या दिवशी किती माणूस येईल याचा अंदाज असतो, तेव्हा ही हॉटेलं भल्या पहाटे पेटतात. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी गाव सुनं. पाऊस लागून पडला, एखादी गाडी रद्द झाली, की सकाळी भिजवलेलं बेसन आणि तापवलेलं दूध तसंच राहतं. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा दर महिन्याच्या महिन्याला बदलतो आणि घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर हॉटेलात वापरायला मनाई आहे. म्हणून पाच गिऱ्हाइकांसाठी शेगडी पेटवण्यापेक्षा बंद ठेवलेलं परवडतं.

चौथी गोष्ट उधारी. जूनपासून कापूस घरात येईपर्यंत अर्धं गिऱ्हाईक वहीवर खातं. पूर्वी कापूस विकला की चुकारा हातात पडायचा आणि बैलगाडी परत फिरायच्या आधी हॉटेलचा हिशेब मिटायचा. आता सीसीआयला कापूस दिला की पैसा बँक खात्यात जातो. ते चांगलंच आहे, पण हॉटेलवाल्याच्या वहीतली रेघ मात्र लांबत जाते. किराणावाल्याने माल थांबवला की दोन-चार दिवस शटर उघडत नाही, आणि त्याचं कारण कोणी चारचौघांत सांगत नाही.

मग कायद्याचं काय? कायदा इथं आडवा येत नाही. जुना दुकाने कायदा १९४८ चा होता, त्यात आठवड्याच्या सुट्टीचं बंधन होतं. डिसेंबर २०१७ पासून नवा कायदा आला आणि दुकानं सातही दिवस उघडी ठेवायला मोकळीक मिळाली, अट एवढीच की कामगाराला आठवड्याची सुट्टी द्यायची. दहापेक्षा कमी कामगार असलेल्याला या कायद्यात नोंदणीची सक्तीही नव्हती, नुसती सूचना दिली की झालं. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर दारू विकणारी ठिकाणं वगळून दुकानं, हॉटेलं २४ तास उघडी ठेवता येतात असं शासनाने स्पष्ट केलं. म्हणजे किती वेळ उघडं ठेवता येईल हे सरकारने सांगितलं. पण वर्षाला शंभर रुपये भरून अन्न परवान्याची नोंदणी करणाऱ्या लहान हॉटेलाने अमुक वेळेला उघडलंच पाहिजे, असा नियम कुठं नाही, आणि असू नये हेच बरं. दंडाच्या धाकाने भजी तळली जात नाहीत.

अडचण दुसरीकडेच आहे. हॉटेलचं घड्याळ जुनं राहिलं आणि गिऱ्हाईक बदललं. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटी मोफत झाली, मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालं. आधी तालुक्याला घरचा कर्ता माणूस यायचा. तो ठेल्यावर उभ्यानं कट चहा मारायचा, नसेल तर तंबाखूवर वेळ काढायचा. आता निराधार योजनेच्या पैशाची चौकशी करायला म्हातारी एकटी येते, लाडकी बहीणची ई-केवायसी करायला लेकुरवाळी बाई येते. त्यांना बसायला जागा लागते, प्यायला पाणी लागतं. अनोळखी हॉटेलात बाई एकटी शिरत नाही. ओळखीचं एक हॉटेल असतं, आणि तेच नेमकं बंद असलं तर ती दुसऱ्यात जात नाही, उपाशी राहते. लेकराला पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा घेऊन देते.

साखरेच्या आजाऱ्याचं तर याहून वाईट. सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन निघालेल्या माणसाला वेळेवर अन्न मिळालं नाही तर साखर उतरते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात. रांगेत चक्कर येऊन पडलेल्या म्हाताऱ्याला लोक "ऊन लागलं" म्हणतात. दर वेळी ते ऊनच असतं असं नाही. अशा माणसाने निघताना खिशात गूळ किंवा साखर आणि पदरात भाकरी बांधूनच निघावं, हॉटेलच्या भरवशावर राहू नये.

बंद असणं आणि केव्हाही बंद असणं, यातला फरक पुणेकरांना बरोबर कळतो. चितळे बंधूंचं दुकान दुपारी एक ते चार बंद, यावर महाराष्ट्रानं वर्षानुवर्षं विनोद केले. २०१७ च्या जुलैत ते दुपारीही उघडं ठेवायला लागले तर त्याची बातमी झाली. पण त्या एक ते चारनं कोणाची फेरी वाया गेली नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक होतं. मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधलं १९२३ सालचं ब्रिटानिया हे इराणी हॉटेल दुपारच्या जेवणापुरतंच ओळखलं जातं. लोक त्या वेळेत जातात. थोडा वेळच उघडा, पण ठरलेला उघडा, हे धंद्याला मारक नाही.

खेड्यापाड्यातल्या माणसानं ठरलेल्या वेळेचं जेवण पाहिलं ते शिवभोजन केंद्रावर. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांत थाळी सुरू झाली तेव्हा वेळ ठेवली होती दुपारी बारा ते दोन. थाळ्या मोजक्याच, त्या संपल्या की केंद्र बंद. तरी माणूस त्या वेळेच्या हिशेबानं तहसीलचं काम उरकून जायचा. अर्थात तिथं ग्रामीण भागात थाळीमागं २५ रुपये सरकार घालत होतं. खासगी हॉटेलवाल्याला असा आधार कोणाचा नाही, त्यामुळं त्याच्याकडून तीच शिस्त मागणं बरोबर नाही. दिवसभर उघडा राहा, ऑर्डरी सोडून दे, असं त्याला सांगणाऱ्यानं आधी त्याची उधारीची वही पाहावी.

पण एक गोष्ट त्याला फुकट करता येते, ती म्हणजे सांगणं. ऑर्डर आदल्या रात्री अचानक पडत नाही, लग्नाची तारीख महिनाभर आधी ठरलेली असते. शटरवर खडूनं "आज ऑर्डर, उद्या सकाळी ७ पासून" एवढं लिहिलं तरी माणूस दहा मिनिटं ताटकळत नाही. मोबाइल तर आता प्रत्येकाच्या गल्ल्यात आहे, पैसेही त्यावरच येतात. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर रात्री एक ओळ टाकता येते. गूगल मॅपवर कोणीतरी कधीकाळी टाकलेली "सकाळी ६ ते रात्री १०" ही वेळ तशीच पडून असते. यवतमाळहून गाडीनं येणारा ती पाहून येतो आणि कुलूप पाहून परत जातो. ती वेळ मालकाला स्वतः बदलता येते, तात्पुरतं बंद असंही टाकता येतं, पैसे पडत नाहीत.

स्टँडच्या आसपासच्या चार-पाच हॉटेलवाल्यांनी आपसात बोलून लग्नाच्या दाट तिथीला निदान एक हॉटेल चालू ठेवायचं ठरवलं, तर बाकीच्यांना बिनघोर ऑर्डरीला जाता येईल. मात्र दाट तिथीला ऑर्डर सर्वांनाच असते, आणि त्या दिवशी मागं कोण राहणार, यावरच असं बोलणं अडेल. पाळी लावली तरी चालेल, किंवा राहणाऱ्याच्या वाट्याला बाजाराच्या दिवशी स्टँडसमोरची मोक्याची जागा द्यावी. येत्या तुळशीच्या लग्नाआधी एवढं ठरलं तरी सकाळच्या गाडीनं उतरणारी म्हातारी पानठेल्यावर विचारील तेव्हा तिला "उद्या पाहा" ऐवजी कोणत्या दारात जायचं ते सांगता येईल.