पुतिन यांचा दौरा आणि पाच अब्जांचा प्रश्न

रशियाचे राष्ट्राध्यक्ष व्लादिमीर पुतिन यांचा दोन दिवसांचा भारत दौरा ५ डिसेंबर २०२५ रोजी पूर्ण झाला. राजशिष्टाचार बाजूला ठेवून पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पालम विमानतळावर केलेले स्वागत, तेथून एकाच मोटारीतून दोघांचा प्रवास, रशियन भाषेतील भगवद्गीतेची भेट आणि हैदराबाद हाऊसमधील २३ वी वार्षिक शिखर बैठक यांची छायाचित्रे देशभर पोहोचली. मोटारीच्या क्रमांकपट्टीवरून ती महाराष्ट्रात नोंदलेली असल्याची चर्चाही समाजमाध्यमांवर रंगली. या सर्व चर्चेत एक आकडा मात्र मागे पडला. भारत रशियाला वर्षभरात जे विकतो, त्याचे मूल्य पाच अब्ज डॉलरही भरत नाही.

या दौऱ्याकडे तीन बाजूंनी पाहिले गेले. पहिली बाजू पश्चिमेची. युक्रेन युद्धाच्या संदर्भात आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये पुतिन यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढले आहे. भारत त्या न्यायालयाच्या रोम कराराचा सदस्य नसल्याने ते आपल्यावर बंधनकारक नाही. तरीही दौऱ्याच्या तोंडावर ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीच्या भारतातील राजदूतांनी एका इंग्रजी दैनिकात संयुक्त लेख लिहून युद्धाची जबाबदारी रशियावर टाकली. तिसऱ्या देशाशी असलेल्या संबंधांबाबत असा जाहीर सल्ला देणे राजनैतिक संकेतांना धरून नाही, अशी नाराजी परराष्ट्र मंत्रालयाने व्यक्त केली.

दुसरी बाजू देशांतर्गत राजकारणाची. परदेशी पाहुण्यांना विरोधी पक्षनेत्याची भेट घेऊ दिली जात नाही, असा आरोप राहुल गांधी यांनी केला आणि सरकारी सूत्रांनी तो फेटाळला. राष्ट्रपती भवनातील भोजनाला काँग्रेसचे शशी थरूर उपस्थित होते. मल्लिकार्जुन खर्गे आणि राहुल गांधी यांना निमंत्रण नव्हते. निमंत्रणांच्या या वादाने दूरचित्रवाणीवरील चर्चेचा बराच वेळ घेतला.

तिसरी बाजू सर्वसामान्य माणसाच्या आपुलकीची, आणि ती निराधार नाही. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत साहाय्यातून उभा राहिला. ऑगस्ट १९७१ चा मैत्री करार बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या कसोटीच्या काळात भारताच्या पाठीशी उभा होता. अण्णा भाऊ साठे यांनी रशियाच्या प्रवासावर मराठीत पुस्तक लिहिले आणि २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसविण्यात आला. एवढ्या जुन्या ऋणानुबंधांमुळे रशियन नेत्याचे स्वागत येथे मनापासून होते.

परंतु मैत्रीच्या या भावनेने हिशेबाची वही झाकली जाता कामा नये. सरकारी आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये दोन्ही देशांतील व्यापार ६८.७ अब्ज डॉलरवर पोहोचला. करोनापूर्व काळात तो सुमारे १० अब्ज होता. वाढ डोळ्यांत भरणारी आहे, मात्र तिची फोड केली तर चित्र पालटते. त्यातील ६३.८ अब्ज डॉलरची आयात आहे आणि निर्यात केवळ ४.९ अब्जांची. म्हणजे व्यापारातील तूट जवळजवळ ५९ अब्ज डॉलर आहे. युद्धापूर्वी भारताच्या तेल आयातीत रशियाचा वाटा नगण्य होता. २०२२ नंतर सवलतीच्या दराने मिळणाऱ्या तेलामुळे तो एक तृतीयांशाच्या पुढे गेला. व्यापार वाढला तो मुख्यतः तेलामुळे. आपली विक्री त्या प्रमाणात वाढली नाही.

स्वस्त तेलाने देशाचा फायदा झाला, हे मान्य करावेच लागेल. मात्र त्याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजली गेली. रशियन तेलाच्या खरेदीचे कारण पुढे करून अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर २५ टक्के अतिरिक्त शुल्क लादले आणि एकूण बोजा ५० टक्क्यांवर गेला. त्याची झळ तिरुपूरच्या कापड कामगाराला, सुरतच्या हिरे कारागिराला आणि आंध्र किनाऱ्यावरील कोळंबी उत्पादकाला बसली. ज्यांच्या मालाला अमेरिकेची दारे अरुंद झाली, त्यांना रशिया ही पर्यायी बाजारपेठ होऊ शकते काय, हा या दौऱ्यातील खरा प्रश्न होता. भारताची अमेरिकेला होणारी निर्यात २०२४-२५ मध्ये ८६ अब्ज डॉलरहून अधिक होती. रशियाला होणारी निर्यात तिच्या सतराव्या हिश्श्याइतकीही नाही. पर्याय हा शब्द उच्चारण्यापूर्वी हे अंतर लक्षात घ्यावे लागेल.

रशियाला भारतीय मालाचे वावडे आहे, असे नाही. सोव्हिएत काळात रुपया-रुबल व्यवस्थेखाली आपला चहा, चामड्याच्या वस्तू आणि लुधियानाचे लोकरी कपडे तिकडे मोठ्या प्रमाणावर जात. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि ती बाजारपेठही हातची गेली. आजही भारतीय औषधांना तेथे मागणी आहे आणि नाशिकची द्राक्षे रशियन ग्राहकाला परिचित आहेत. अडचण आहे ती मार्गाची, पैशाच्या देवघेवीची आणि नियमांची.

मार्गाची अडचण जुनीच आहे. पंधराव्या शतकात त्वेर येथील व्यापारी अफानासी निकितिन व्होल्गा, कॅस्पियन समुद्र, इराण आणि होर्मुझमार्गे आजच्या रायगड जिल्ह्यातील चौल बंदरात उतरला होता. सोबत त्याने विक्रीसाठी घोडा आणला होता. आपल्या देशात नेण्याजोगा माल येथे फारसा नाही, शिवाय जकात भारी आणि समुद्रात चाच्यांचे भय, अशी तक्रार त्याने लिहून ठेवली. मुंबईहून इराणमार्गे कॅस्पियन समुद्र आणि पुढे रशियात जाणारा आंतरराष्ट्रीय उत्तर-दक्षिण वाहतूक मार्ग साधारण त्याच वाटेने आखलेला आहे. त्याचा करार २००० साली झाला, पण पाव शतकानंतरही तो पूर्ण क्षमतेने चालत नाही.

पैशाची अडचण अधिक गुंतागुंतीची आहे. रुपयात व्यवहार करण्याची सोय रिझर्व्ह बँकेने जुलै २०२२ मध्ये करून दिली. परंतु भारत तेल घेणार भरपूर आणि विकणार थोडे, तर रशियाकडे साचलेल्या रुपयांचे करायचे काय? मे २०२३ मध्ये गोव्यातील शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीवेळी रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लावरोव्ह यांनी नेमके हेच सांगितले होते. भारतीय बँकांत अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरता येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे हे पैसे सरकारी रोख्यांत गुंतविण्याची मुभा मिळाली. तरी मूळ उपाय एकच आहे, तो म्हणजे रशियाने भारताकडून अधिक खरेदी करणे. निर्यात वाढविणे ही केवळ आपली गरज नाही. रुपयात व्यापार टिकावा असे वाटत असेल तर ती मॉस्कोचीही गरज आहे.

या कसोटीवर शिखर बैठकीची फलश्रुती तपासली पाहिजे. २०३० पर्यंतच्या आर्थिक सहकार्याचा कार्यक्रम दोन्ही देशांनी स्वीकारला. रशियाचा समावेश असलेल्या युरेशियन आर्थिक संघाशी मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटींना गती देण्याचे ठरले. अन्नसुरक्षेबाबत करार झाला. कृषी आणि मत्स्य उत्पादनांच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. मोठ्या संरक्षण खरेदीची घोषणा झाली नाही. चर्चेचा भर व्यापाराकडे वळल्याचे ते लक्षण मानता येईल.

कामगारांच्या स्थलांतरासंबंधीचा करारही झाला. रशियात मनुष्यबळाची टंचाई आहे आणि भारतात तरुण हात रिकामे आहेत, त्यामुळे तो दोघांना उपयोगी आहे. मात्र रोजगाराच्या आमिषाने गेलेले भारतीय तरुण रशियन सैन्यात अडकल्याची उदाहरणे ताजी आहेत. नोव्हेंबरमध्ये परराष्ट्र मंत्रालयाने अशा ४४ भारतीयांची माहिती दिली होती. त्यांच्या घरी या दौऱ्याची बातमी वेगळ्याच काळजीने वाचली गेली असणार. दलालांवर नियंत्रण आणि परतीची हमी नसेल, तर नव्या कराराचा लाभ घेण्यास कोणते आईवडील आपल्या मुलाला पाठवतील?

२०३० पर्यंत व्यापार १०० अब्ज डॉलरवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. हा आकडा आकर्षक असला तरी त्यात कोण विकणार आणि कोण घेणार, हे त्यावरून कळत नाही. आयातच वाढून शंभरी गाठली तर उद्दिष्ट पूर्ण होईल आणि तूटही फुगेल. शिवाय रोसनेफ्ट आणि लुकॉइल या कंपन्यांवर अमेरिकेने ऑक्टोबरमध्ये निर्बंध घातल्याने तेलाचा ओघ कायम राहीलच, याचीही खात्री नाही. म्हणून एकूण व्यापाराऐवजी निर्यातीचे वर्षनिहाय उद्दिष्ट जाहीर होणे आवश्यक आहे.

भारत तटस्थ नसून शांततेच्या बाजूने आहे, असे पंतप्रधानांनी पुतिन यांच्या उपस्थितीत सांगितले. कोणाच्या दबावाखाली मित्र निवडायचे नाहीत, ही भूमिका देशातील बहुसंख्यांना पटते. पण स्वायत्तता केवळ निर्धाराने टिकत नाही. तिला विक्रीचे बळ लागते. ज्याच्याकडे अनेक ग्राहक असतात, त्यालाच एखाद्याला नकार देणे परवडते. पुढील शिखर बैठक २०२६ मध्ये रशियात होईल. तेव्हा किती औषधे, किती द्राक्षे आणि किती यंत्रसामग्री तिकडे गेली, हे पाहूनच या भेटीचे मोल ठरवावे लागेल.