दहा टक्क्यांचा हिशेब

मार्चअखेर जवळ आली की विविध कार्यकारी संस्थांच्या दफ्तरात दोन कामे एकाच वेळी येऊन ठेपतात. एक चालू वर्षाची वसुली आणि दुसरे येत्या खरिपाची क. म. पत्रके, म्हणजे सभासदवार कर्जमर्यादेची पत्रके. यंदा ही पत्रके भरण्याची लगबग सुरू झाल्यापासून मानवत, पाथरी, सेलू या तालुक्यांतील गटसचिवांची जी पत्रे आमच्याकडे आली, त्यांतील बहुतेकांची कैफियत एकच आहे. घरात कोणी आजारी पडले, बैल दगावला किंवा विहिरीवरची मोटार जळाली म्हणून सभासद दहा-पंधरा हजारांची निकड घेऊन संस्थेत येतो. संस्थेजवळ पीककर्जाच्या सदराखेरीज त्याला देण्यासारखे काही नसते, आणि पीककर्ज तर त्याने जूनमध्येच उचललेले असते. तेव्हा तो हात हलवीत परत जातो आणि त्याच संध्याकाळी सावकाराच्या ओसरीवर जाऊन बसतो. पुढे मार्चमध्ये हाच सभासद थकबाकीदारांच्या यादीत आला म्हणजे त्याच्या दारी वसुलीला जाण्याचे अप्रिय कर्तव्य त्याच सचिवाच्या वाट्याला येते.

या कैफियतीतील अत्यंत खेदाची गोष्ट ही की, ज्या रकमेअभावी सभासद सावकाराकडे जातो, ती त्याच्या नावे मंजूर करण्याची तरतूद २०१२ पासून कागदोपत्री अस्तित्वात आहे. किसान क्रेडिट कार्डाची योजना १९९८ मध्ये सुरू झाली आणि भसीन कार्यगटाच्या शिफारशींनंतर २०१२ मध्ये तिची पुनर्रचना झाली, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या आणि नाबार्डच्या परिपत्रकांनी असे स्पष्ट सांगितले की, पिकाखालील क्षेत्र व जिल्हा तांत्रिक समितीने ठरविलेला एकरी कर्जदर यांवरून येणाऱ्या रकमेत आणखी १० टक्के काढणीनंतरच्या व घरगुती गरजांसाठी, आणि २० टक्के शेतीच्या साधनांच्या देखभाल-दुरुस्तीसाठी मिळवून सभासदाची मर्यादा निश्चित करावी. खाते फिरत्या पतीचे असावे. सभासदाने लागेल तेव्हा लागेल तेवढे उचलावे आणि उचललेल्या रकमेवरच व्याज द्यावे. म्हणजे ज्याची पीककर्जाची रक्कम एक लाख, त्याच्या दवाखान्यासाठी दहा हजार आणि मोटारीसाठी वीस हजार रुपये, कोणाच्या उपकाराने नव्हे तर योजनेच्या शब्दांनुसार, उपलब्ध असावयास पाहिजेत. गटसचिव ज्या दोन प्रसंगांची नावे घेऊन आम्हांला लिहितात, नेमक्या त्याच दोन प्रसंगांचा विचार करून ही दोन सदरे निर्माण झालेली आहेत.

मग हे पैसे जातात कोठे? आलेल्या पत्रांवरून त्याचे तीन मार्ग दिसतात. काही ठिकाणी क. म. पत्रकात या दोन घटकांचा रकानाच नसतो आणि मर्यादा नुसत्या एकरी दरावर काढून शाखेकडे पाठविली जाते. काही ठिकाणी रकाना असतो, तो भरलाही जातो, परंतु मंजुरी खाली येताना 'निधीच्या उपलब्धतेनुसार' या एका शब्दप्रयोगाने तो छाटला जातो, आणि छाटणी नेहमी घरखर्चाच्या घटकापासूनच सुरू होते. उरलेल्या ठिकाणी रक्कम मंजूर होते खरी, पण ती पीककर्जातच मिसळून जूनमध्ये एकरकमी वाटली जाते. भागभांडवलाची कपात वजा जाऊन हाती आलेली ती रक्कम बी-बियाणे, खते आणि मागील उसनवारी यांत पेरणीपूर्वीच विरून जाते. आणि श्रावणात घरातले मूल तापाने फणफणले म्हणजे खात्यावर उचलण्यासारखी कवडीही शिल्लक नसते. या तिन्ही मार्गांचा शेवट एकाच जागी होतो. फिरत्या पतीचे खाते व्यवहारात वर्षातून एकदा भरणारे आणि एकदा रिकामे होणारे खाते बनले आहे. मार्चमध्ये हातउसने आणून नवे-जुने करावयाचे, आणि त्या चार-आठ दिवसांच्या उसन्या पैशावर भरलेले व्याज हिशेबात कोठेच न दाखविता बिनव्याजी पीककर्जाचा लाभ मिळाला असे समाधान मानावयाचे, हा आता शिरस्ता झाला आहे.

हा दरवाजा बंद झाल्यावर जो दुसरा उरतो, त्याची अवस्था अधिकच शोचनीय आहे. संस्थेने स्वतःच्या निधीतून किंवा बँकेच्या मध्यम मुदतीच्या सदरातून सभासदाची निकड भागवावयाचे मनात आणले, तर सातबारा, आठ-अ, फेरफाराची नक्कल, परिसरातील प्रत्येक बँकेचा बेबाकी दाखला, दोन खातेदार जामीन, त्या जामिनांचे पुन्हा सातबारे आणि बेबाकी दाखले, अर्ज, त्यावर पंच कमिटीचा ठराव, ठरावावर बँक निरीक्षकाची शिफारस आणि शिफारशीवर शाखेची मंजुरी, एवढा प्रवास दहा हजारांच्या कर्जाने करावयाचा असतो. दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागू नये असे रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२५ पासून ठरविले असताना, त्याच्या विसाव्या हिश्शाइतक्या रकमेसाठी जमिनीवर बोजा चढविण्याचा आग्रह धरणारे शाखाधिकारी आहेत. ज्या करारनाम्यांना पूर्वी शंभर रुपयांचा मुद्रांक पुरत असे, त्यांना ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा लागू झाला. दहा हजार घेणाऱ्याने पैसा हाती पडण्यापूर्वीच शेकडा पाच रुपये मुद्रांकापायी घालवावेत, या तजविजीला कर्जपुरवठा कसे म्हणावे, हे ज्यांनी आकस्मिक कर्जालाही हेच कागद लागू केले त्यांनीच सांगावे. पंच कमिटीची सभा महिन्यातून एकदा भरते. आजार सभेच्या तारखेची वाट पाहत नाही, आणि सावकाराला ठरावाची गरज लागत नाही.

या विलंबाची किंमत कोण देतो आणि किती देतो, याचा हिशेब आमच्या व्यवसायातील प्रत्येकाने एकदा तरी मांडून पाहावा. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली शेतकऱ्याला दिलेल्या तारणी कर्जावर सालीना ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांहून अधिक व्याज आकारता येत नाही. परंतु परवाना नसलेला सावकार दरमहा शेकडा तीन ते पाच मागतो, आणि पाचाच्या दराने दहा हजारांचे व्याज वर्षाला सहा हजार होते. व्याजाहूनही मोठे नुकसान मोंढ्यात होते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. पण तो मिळविण्यासाठी नोंदणी करावी लागते, पाळीची वाट पाहावी लागते, आर्द्रता १२ टक्क्यांच्या आत आणावी लागते आणि चुकारा खात्यावर जमा होईपर्यंत थांबावे लागते. ज्याच्या घरात दवाखान्याचे बिल थकले आहे, त्याला यांपैकी एकही गोष्ट परवडत नाही. तो पहिल्याच वेचणीचा ओला कापूस रोखीने मोजणाऱ्या व्यापाऱ्याच्या वजनकाट्यावर घालतो. क्विंटलमागे हजारच रुपये कमी पडले असे धरले, तरी दहा क्विंटलांत दहा हजार गेले. म्हणजे जेवढी त्याची निकड होती तेवढेच पुन्हा त्याने केवळ घाईपायी गमावले. ज्याला संस्थेने श्रावणात दहा हजार दिले असते, तो हमीभावाच्या केंद्रापुढे चार दिवस थांबू शकला असता.

आकस्मिक खर्च हा सभासदाच्या उधळेपणाचा परिणाम आहे, असे मानणारे संचालक आजही आहेत, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी लिहिणे भाग आहे. गोरवाला समितीने, जिच्यावर आपले धनंजयराव गाडगीळ सदस्य होते, १९५१-५२ च्या ग्रामीण कर्जाची पाहणी केली, तेव्हा शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास आणि सावकारांचा सुमारे सत्तर टक्के आढळला, ही गोष्ट सहकाराच्या प्रत्येक शिक्षणवर्गात सांगितली जाते. त्याच पाहणीतील दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ती ही की, त्या कर्जापैकी जवळजवळ निम्मे कुटुंबखर्चासाठी काढलेले होते. त्यानंतर सहकारी पतपुरवठ्याची जी इमारत उभी राहिली, ती पिकाभोवती उभी राहिली. घर तिच्या बाहेरच राहिले. २०१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीतही शेतकरी कुटुंबांच्या कर्जापैकी सुमारे ५७ टक्केच शेतीच्या कारणासाठी असल्याचे आढळले. मधल्या जवळजवळ सात दशकांत संस्था वाढल्या, शाखा वाढल्या, कर्जमाफ्या आल्या आणि गेल्या, पण घराची गरज होती तेथेच उभी आहे. जनआरोग्य योजनेतून आज पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात, ही मोठीच सोय आहे. तरीही नांदेडला किंवा संभाजीनगरला जाण्याचे गाडीभाडे, सोबतच्या माणसांचा मुक्काम आणि बुडालेली मजुरी यांसाठी रोख पैसा लागतोच, आणि तो त्याच दिवशी लागतो.

ही अडचण केवळ कोरडवाहू मुलखाची आहे असेही नाही. अमेरिकेची मध्यवर्ती बँक २०१३ पासून दरवर्षी तेथील कुटुंबांना विचारते की, अचानक चारशे डॉलरचा खर्च आला तर तो तुम्ही कसा भागवाल. २०२४ च्या पाहणीत ६३ टक्के प्रौढांनी तो रोख किंवा तत्सम मार्गाने भागवू असे सांगितले, आणि उरलेल्या ३७ टक्क्यांना क्रेडिट कार्डाची उधारी, आप्तेष्टांकडून उसनवारी किंवा वस्तूंची विक्री यांपैकी काहीतरी करावे लागले असते, आणि काहींना तर तो भागविताच आला नसता. जगातील सर्वांत संपन्न राष्ट्रात, जेथे पगार आठवड्याला किंवा पंधरवड्याला हाती येतो, तेथेही घरभाडे, हप्ते आणि विमा असूनसुद्धा प्रथम स्वतःच्या खिशातून भरावी लागणारी वैद्यकीय रक्कम यांत मिळकत संपून जाते आणि गाडी बिघडली तर हात कर्जाकडे वळतात. तात्पर्य, वर्षाचे उत्पन्न किती यावर कुटुंबाची सुरक्षितता जेवढी अवलंबून असते, तेवढीच ती निकडीच्या दिवशी हात पोहोचेल अशा ठिकाणी थोडी रक्कम आहे की नाही यावर असते. आमच्याकडे तर पीक दसऱ्यानंतर येते आणि २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर कोसळली तशी अतिवृष्टी झाली तर तेही येत नाही. अशा प्रदेशात ती रक्कम संस्थेच्या खात्यावर असणे अधिकच अगत्याचे ठरते.

अधिकाऱ्यांचा दोष सांगितला. आता आमच्या घरचा. अनिष्ट तफावतीत, म्हणजे सभासदांकडील येण्याहून बँकेचे देणे अधिक झाल्याने, रुतलेल्या संस्थांना स्वनिधी उभा करणे कठीण आहे, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या संस्था नफ्यात आहेत, ज्यांचा राखीव निधी वर्षानुवर्षे बँकेत गुंतून पडला आहे, त्यांच्या संचालकांनी निकडीच्या कर्जासाठी एक छोटा वेगळा निधी ठेवण्याचा ठराव वार्षिक सभेपुढे का आणला नाही? घरखर्चाचा घटक भरून पाठविला तर शाखा आक्षेप घेईल या भीतीने रकाना कोरा सोडणारे सचिव आमच्यातलेच आहेत. आणि कर्जमाफीच्या आशेवर, ऐपत असूनही, हप्ता रोखून धरणारे सभासदही आमच्यातलेच आहेत. त्यांच्या थकबाकीमुळे शेजाऱ्याच्या दवाखान्याचे पैसे अडतात, ही गोष्ट त्यांना सभेत तोंडावर सांगितली पाहिजे. ज्या बचत गटांतील स्त्रियांजवळ सातबारा नाही, तारण नाही आणि मुद्रांकही नाही, त्या आठवड्याच्या बैठकीत अंतर्गत कर्ज देऊन मोकळ्या होतात आणि त्यांचे ग्रामसंघ जोखीमप्रवणता निधीतून आजारी बाईला उभे करतात. त्यांना जे साधते ते दफ्तर, शिक्का आणि कायदा पाठीशी असलेल्या संस्थेला साधू नये, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. मानवतच्या जिनिंगमध्ये हंगामी काम करणारा मजूर, ज्याच्या नावे गुंठाभर जमीन नाही, तो तर या सर्व तरतुदींच्या बाहेरच आहे. त्याच्यासाठी पतसंस्थांनी दैनिक ठेवीच्या आधारावर अल्प रकमेचे तातडीचे कर्ज द्यावे, हे काम त्यांच्या अधिकारात आहे आणि त्याला कोणत्याही नव्या हुकुमाची आवश्यकता नाही.

म्हणून आमची सर्व गटसचिवांना, अध्यक्षांना आणि संचालकांना कळकळीची विनंती आहे. यंदाच्या क. म. पत्रकात घरगुती गरजांचे १० टक्के आणि दुरुस्तीचे २० टक्के हे दोन्ही घटक प्रत्येक पात्र सभासदासमोर स्वतंत्र आकड्यात लिहा. नमुन्यात रकाना नसेल तर पुरवणी पत्रक जोडा आणि त्याची पोच घ्या. शाखेने घटक छाटला तर छाटणीचे कारण लेखी मागा आणि ते कारण सभेच्या इतिवृत्तात नोंदवा. मंजूर झालेला घरखर्चाचा घटक जूनच्या वाटपात मिसळू देऊ नका. सभासदाला समजावून सांगून तो खात्यावरच राहू द्या, म्हणजे श्रावण-भाद्रपदात तो उपयोगी पडेल. निकडीच्या ठरावीक मर्यादेपर्यंतचे कर्ज अध्यक्ष आणि सचिव यांनी त्याच दिवशी द्यावे व पुढील सभेत त्याला मान्यता घ्यावी, असा ठराव करा. जेथे हे झाले आणि जेथे अडविले गेले, तेथील हकीकत आम्हांला कळवा. दोन्ही आम्ही छापू. क. म. पत्रक एकदा शाखेत गेले की वर्षभर हात बांधले जातात, तेव्हा जे काही लिहावयाचे ते या महिन्यातच लिहा.