झेरॉक्सच्या दुकानात राहून गेलेली आपली ओळख

सप्टेंबर २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यातील हदगाव तालुक्यात 'लाडकी बहीण' योजनेतला एक प्रकार उघडकीस आला. सेवा केंद्रात पुरुषांची आधार कार्डे आणि बँक पासबुके घेऊन त्यांवर बहिणींचे अर्ज भरले गेले आणि खात्यात आलेले पैसे परस्पर काढले गेले, असा हा आरोप होता. त्याच महिन्यात सातारा जिल्ह्यात एकाच महिलेचे फोटो आणि वेगवेगळे आधार क्रमांक वापरून अनेक अर्ज भरल्याचे प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. एक रुपयातल्या पीक विम्यातही दुसऱ्याच्या जमिनीवर विमा उतरवल्याची प्रकरणे मराठवाड्यात निघाली आणि सेवा केंद्र चालकांवर गुन्हे नोंदले गेले.

या बातम्या सरकारी पैशाच्या लुटीच्या म्हणून वाचल्या गेल्या. पण सरकारचे पैसे बुडाले त्याआधी कोणाचे तरी नाव चोरीला गेले होते. त्या माणसाला कोणी विचारले नव्हते, आणि चौकशी सुरू झाल्यावर पहिला फोन त्यालाच आला असणार.

ओळखचोरी म्हटले की आपल्याला दूर कुठेतरी बसलेला हॅकर आठवतो. नांदेड-लातूरच्या वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला दिसते ते वेगळे आहे. इथे चोरी बहुतेक वेळा कागदांतून होते, आणि ते कागद आपणच आपल्या हाताने दिलेले असतात.

आपल्या समाजाचे कागद सर्वांत जास्त का फिरतात, याचा विचार करायला हवा. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीचा अर्ज, वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजना, आजीच्या निराधार पगाराचे काम, बचत गटाचे कर्ज. प्रत्येक ठिकाणी आधार, पासबुक, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. त्यात आणखी एक अडचण खास आपली आहे. १९९० मध्ये बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या, पण आजही वडिलांच्या टीसीवर एक नोंद, मुलाच्या टीसीवर दुसरी आणि दाखल्यावर तिसरी असे अनेक घरांत आहे. मग त्रुटी निघते, अर्ज परत येतो, मुलगा पुन्हा सेवा केंद्रात जातो, पुन्हा झेरॉक्स काढतो. शेवटच्या तारखेला सर्व्हर चालत नाही म्हणून तो मोबाईल, पासवर्ड आणि ओटीपी चालकाच्या हवाली करून गावाची एसटी पकडतो. त्या दुकानाच्या संगणकात त्याचे सगळे आयुष्य पीडीएफ होऊन पडलेले असते.

सगळे चालक चोर नाहीत. अनेक जण प्रामाणिक आहेत आणि त्यांच्यामुळेच आपली कामे होतात. पण व्यवस्था अशी आहे की हक्क मिळवायचा तर ओळख कोणाच्या तरी टेबलावर ठेवून यावी लागते, आणि ती परत मागण्याची सोय नाही.

याची किंमत काय? तुमच्या नावावर सिम निघते आणि त्या सिमवरून कोणाला तरी गंडा घातला जातो. मोबाईलवरच्या ॲपमधून तुमच्या पॅनवर कर्ज उचलले जाते. अंगठ्याचा ठसा वापरून आधारशी जोडलेल्या खात्यातून पैसे काढले जातात. आता तर खातेच भाड्याने मागितले जाते. लातूरला शिकवणीसाठी आलेल्या, आमच्या ओळखीच्या एका मुलाने 'दोन दिवस खाते वापरू दे' म्हणणाऱ्या मित्राला एटीएम कार्ड दिले. फसवणुकीचे पैसे त्या खात्यातून फिरले आणि खाते गोठवले गेले. शिष्यवृत्तीही त्याच खात्यात अडकली. खोलीचे भाडे थकले, मेसचे पैसे थकले आणि अभ्यासाच्या दिवसांत तो पोलीस ठाण्याच्या चकरा मारत राहिला. खाते वापरायला देणारा कायद्याच्या नजरेत केवळ बळी राहत नाही, आरोपीही होऊ शकतो. हे प्रत्येक वसतिगृहात सांगितले पाहिजे.

बचावाचे मार्ग आहेत आणि बहुतेक फुकट आहेत. जिथे चालते तिथे मास्क्ड आधार द्यावे. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. झेरॉक्सवर आडवी रेघ मारून कशासाठी दिली ते आणि तारीख लिहावी. काम झाल्यावर दुकानाच्या संगणकातली फाईल आपल्यासमोर पुसून घ्यावी. संचारसाथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसते आणि अनोळखी क्रमांकाची तक्रार तिथेच करता येते. सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून म्हणजे क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा मोफत अहवाल मिळतो. न घेतलेले कर्ज त्यात दिसते.

आधारचे बायोमेट्रिक लॉक करता येते. विद्यार्थ्यांनी ते जरूर करावे. पण घरच्या म्हाताऱ्या माणसांचे लॉक करताना विचार करावा. रेशन आणि पगार अंगठ्यावर मिळत असेल तर लॉक असताना अंगठा चालणार नाही. त्यांच्यासाठी दुसरा उपाय आहे. पैसे काढताना घरातल्या कोणीतरी सोबत जावे, पावती घ्यावी, आणि 'ठसा आला नाही, पुन्हा लावा' म्हटल्यावर पासबुक भरून बघावे.

फसवणूक झालीच तर पहिले काही तास महत्त्वाचे. १९३० वर फोन करावा, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची नसेल आणि कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले तर तोटा ग्राहकावर टाकता येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी नुसार दुसऱ्याची ओळख किंवा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

पण सगळी जबाबदारी आपल्याच माथी मारणे आम्हाला मान्य नाही. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरु कार्यालयाने आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, असे बजावले आणि दोनच दिवसांत ती सूचना मागे घेतली गेली. लोकांनी नेमके काय करायचे? सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला, २०२५ मध्ये त्याचे नियम आले. हा कायदा तालुक्याच्या सेवा केंद्रापर्यंत कधी पोहोचणार? नांदेड आणि लातूरच्या समाजकल्याण कार्यालयांनी शिष्यवृत्तीच्या काळात स्वतःचे मदत कक्ष उघडावेत, महाविद्यालयांनी अर्ज आपल्या प्रयोगशाळेत भरून द्यावेत, आणि गोठवलेल्या खात्यातली शिष्यवृत्ती सोडवण्याची ठरलेली पद्धत असावी. या मागण्या निवेदनात गेल्या पाहिजेत.

नावाचे मोल मराठवाड्याला कोणी शिकवायला नको. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून या नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे आणि गौतम वाघमारे यांनी प्राण दिले. त्या पिढीने नावासाठी सोळा वर्षे झुंज दिली. आपल्याला निदान आपले नाव कोणत्या कागदावर, कोणाच्या हातात आहे एवढे तरी माहीत असले पाहिजे.

सुरुवात विहारातून करता येईल. एका रविवारी वंदनेनंतर तासभर बसावे. तरुणांनी आपले फोन काढावेत, वस्तीतल्या प्रत्येकाच्या नावावरची सिम तपासावीत, आया-आज्यांची पासबुके वाचून दाखवावीत. काहीतरी सापडेलच, आणि सापडले तर तक्रार नोंदवायला सोमवारी सगळ्यांनी मिळून जावे. एकटा माणूस ठाण्यातून परत पाठवला जातो, दहा जणांना पाठवणे अवघड जाते.

जय भीम.