लायसन्स नको, मग शिकायलाही नको?

तालुक्याच्या गावी सकाळी बाजारपेठेतून एक चक्कर मारा. आवाज न करता बाजूने निघून जाणाऱ्या किती गाड्या दिसतील! कुणी मुलांना शाळेत सोडायला निघालेली, कुणी अंगणवाडीवर, तर कुणी बचतगटाची रक्कम भरायला बँकेत. पेट्रोलचा खर्च नाही, किक नाही, गिअर नाही आणि मुख्य म्हणजे ‘अहो, जरा सोडता का?’ म्हणून कुणाची वाट बघणं नाही. १९७२ मध्ये आलेल्या लुनाने आणि मग स्कूटीने आपल्याकडच्या कितीतरी जणींना घराबाहेरचा रस्ता दाखवला. २०२४ च्या फेब्रुवारीत तर लुनाच बॅटरीवर होऊन परत आली. या गाड्यांचं स्वागतच करायला हवं.

पण मैत्रिणींनो, गाडी घेताना शोरूममध्ये हमखास ऐकू येणारं एक वाक्य मात्र खटकतं. ‘वहिनी, लायसन्स नको, पासिंग नको. बसा आणि चालवा!’ घरचेही खूश. गावातल्या गावात तर फिरायचंय, कशाला हवीत आरटीओच्या खेटा?

हे वाक्य अर्धंच खरं आहे. मोटर २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तरच नियमानुसार लायसन्स आणि नोंदणीतून सूट मिळते. त्यापुढच्या प्रत्येक बॅटरीवरच्या गाडीला हिरवी नंबरप्लेट, विमा आणि लायसन्स लागतंच. काही ठिकाणी कमी वेगाच्या गाडीचं कुलूप काढून ती जोरात पळेल अशी करून देतात. २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने अशा गाड्यांविरुद्ध मोहीमही उघडली होती. असा बदल केला की गाडी सवलतीत बसत नाही. उद्या कुणाला धक्का लागला तर विमा नाही, लायसन्स नाही आणि भरपाई मात्र आपल्याच पदरात! म्हणून घेण्याआधी मोटर किती वॅटची, वेग किती, हे कागदावर बघून घ्या.

आणि समजा, गाडी खरोखरच सवलतीतली असली, तरी रस्त्याला थोडेच वॅट कळतात? समोरून येणारा उसाचा ट्रॅक्टर तोच, खड्डा तोच. लायसन्स लागत नाही याचा अर्थ शिकावं लागत नाही असा होत नाही. घरातल्या मुलाला गाडी शिकवायला काका, मामा, मित्र सगळे धावतात. सुनेला मात्र किल्ली हातात देऊन ‘हळू जा’ एवढंच सांगितलं जातं. हळू जाणं म्हणजे गाडी येणं नव्हे, बरं का!

बॅटरीच्या गाडीचे काही स्वभाव आधी समजून घ्यावे लागतात. पहिला म्हणजे तिचा मुका स्वभाव. पेट्रोलची गाडी चालू असली की आवाज होतो. ही चालू असून गप्प उभी असते, आणि अॅक्सिलरेटर जरा पिळला की झटक्यात पुढे जाते, कारण तिच्या मोटरची ताकद सुरुवातीपासूनच मिळते. पुढे उभं केलेलं लेकरू खेळता खेळता मूठ पिळतं, तेव्हा काय होतं ते सांगायला नको. त्यामुळे भाजी घ्यायला थांबलात, ओळखीचं कुणी भेटलं, गाडी ढकलायची आहे, तर आधी किल्ली बंद. गाडी ऐकू येत नाही म्हणून वळणावर, गल्लीच्या तोंडाशी आणि म्हाताऱ्या माणसांजवळ हॉर्न द्यायचा.

पहिले आठ-दहा दिवस शाळेचं मैदान किंवा रिकामा रस्ता गाठा. सगळ्यात कमी वेगाच्या मोडवर ठेवा. आधी फक्त निघणं आणि थांबणं. दोन्ही ब्रेक एकदम, पण हळुवार दाबायचे, आणि ब्रेक दाबताना मूठ सोडायची. मग आठाच्या आकारात वळणं. त्यानंतर आरशात बघून, इंडिकेटर देऊन वळणं. काही गाड्या मूठ सोडताच आपोआप मंदावतात, त्याची सवय होऊ द्या. हे जमलं की मगच मागे कुणाला बसवा, कारण दोघांच्या वजनाने गाडीचा तोल आणि थांबायचं अंतर, दोन्ही बदलतं.

साडीचा पदर खोचून घ्या, ओढणी गाठ मारून आत घ्या. चाकात अडकलेल्या ओढणीने गळ्याला फास बसतो. मागच्या चाकाचं साडीगार्ड ‘बरं दिसत नाही’ म्हणून काढू नका. हँडलला पिशव्या लटकवल्या तर वळताना हँडल अडतं. आणि हेल्मेट! आयएसआय छापाचं, पट्टा लावलेलं. नोंदणी लागणाऱ्या गाडीवर चार वर्षांपुढच्या मुलालाही ते कायद्याने सक्तीचं आहे. अंबाडा बसत नाही तर वेणी घाला, पण हेल्मेट डिकीत नको.

चार्जिंगचंही तसंच. कंपनीचाच चार्जर, अर्थिंग असलेला प्लग, आणि गाडी चालवून आल्यावर बॅटरी थोडी गार झाली की मगच लावायची. २०२२ मध्ये पुण्यासह देशात काही ठिकाणी या गाड्या पेटल्या, त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले. तरी रात्रभर झोपायच्या खोलीत किंवा बाहेर पडायच्या एकुलत्या एक दाराशी चार्जिंग नकोच.

अजून एक, आयांसाठी. नववी-दहावीतल्या लेकीला क्लासला जायला आपली नोंदणीची गाडी देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तेव्हा घरी स्पष्ट सांगा, गाडीबरोबर मला महिनाभर रोज अर्धा तास शिकायलाही हवा. तेवढा वेळ स्वयंपाक थोडा मागेपुढे झाला तर काही बिघडत नाही. शिकाऊ लायसन्स काढा, तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा द्या. गाडी सवलतीतली असली तरी द्या! आज पंचवीसच्या वेगाने गावात फिरताय, उद्या नोकरीसाठी, धंद्यासाठी हायवेवरून जावं लागेल. स्वतःच्या नावाचं, स्वतःच्या फोटोचं ते कार्ड पर्समध्ये असलं की ‘तुला जमेल का?’ असं विचारायची कुणाची बिशाद नाही. काय म्हणता, कधी जाताय मैदानावर?