जत्रेतली प्रथमावृत्ती

हे लिहिताना समोर एक पुस्तिका आहे. बत्तीस पानं, म्हणजे सोळा पानी दोन फर्मे. मध्ये दोन पिना, दोन्ही गंजलेल्या, आणि गंजाभोवती कागदावर चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग. मुखपृष्ठ पिवळ्या कागदावर एकाच रंगात छापलेलं. छापील किमतीवर रबरी शिक्क्याने नवी किंमत मारलेली. लेखकाचं नाव आहे, छापखान्याचं आहे, साल मात्र नाही. मजकूर मराठी, अधूनमधून देवनागरीत गोंडी गाणी. काही वर्षांपूर्वी गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गोंडी जत्रेत जमिनीवर अंथरलेल्या प्लॅस्टिकवरून ती उचलली. तेव्हापासून शोधतो आहे. दुसरी प्रत दिसलेली नाही, कुठल्या सूचीत नोंद नाही.

आपल्या ग्रंथसंग्राहकांच्या व्यवहारातली दुर्मीळ प्रथमावृत्तीची व्याख्या या पुस्तिकेला अक्षरशः लागू पडते. तरीही आपल्यापैकी कोणाच्या मागणीयादीत ती नाही.

गोंदिया जिल्ह्यातल्या संग्राहकाची यादी साधारण ठरलेली असते. तिच्यात आधी येतात स्टीफन हिस्लॉप. ते १८६३ साली नागपूरजवळ बुडून वारले. त्यांची मध्य प्रांतातल्या आदिवासींवरची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली नागपुरात छापून प्रसिद्ध केली. गोंडांच्या पुराणकथेतल्या लिंगोचं गोंडी गीत त्यातच प्रथम छापलं गेलं, म्हणून ते पुस्तक सगळ्यांना हवं. त्यानंतर फॉर्सिथ यांचं मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचं १८७१ चं पुस्तक, मग रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जातिजमातींवरचे चार खंड, मॅकमिलन, लंडन, १९१६. संस्कृतवाल्यांना वा. वि. मिराशी यांचं भवभूतीवरचं लेखन लागतं, कारण आमगावजवळचं पद्मपूर हेच भवभूतीचं गाव हे मत त्यांनी मांडलं. आणि जंगलवाल्यांना मारुती चितमपल्ली. नवेगावबांधच्या तळ्याकाठी त्यांनी काढलेली वर्षं त्यांच्या पानोपानी आहेत. १८ जून २०२५ ला ते गेले, तेव्हापासून त्यांच्या पहिल्या आवृत्त्यांची विचारणा वाढली आहे.

या यादीत गैर काही नाही. मात्र या पुस्तकांची पारख आता अवघड राहिलेली नाही. रसेल-हिरालाल घेताना दिल्लीच्या छायामुद्रित फेरछपाईला फसू नये एवढं भान पुरतं. तिच्यात १९१६ चं शीर्षकपान जसंच्या तसं उमटतं, म्हणून शीर्षकपान सोडून त्यामागचं पान, कागद आणि बांधणी बघायची. शके दिलेलं असेल तर अठ्ठ्याहत्तर मिळवायचे. मराठी प्रकाशक साध्या पुनर्मुद्रणालाही ‘दुसरी आवृत्ती’ म्हणतात, हे लक्षात ठेवायचं. कवी अरुण कोलटकरांची इंग्रजी ‘जेजुरी’ १९७६ साली आधी क्लिअरिंग हाऊसने काढली, नंतरच्या छपाया प्रास प्रकाशनाच्या, हेही आता नवशिक्यालाही माहीत असतं. चोख छपाईचे शौकीन असाल तर प्रासच्याच ‘अरुण कोलटकरच्या कविता’, १९७७, हातात घेऊन बघा. इंग्लंडात विल्यम मॉरिस यांच्या केल्मस्कॉट छापखान्याने चॉसरच्या कागदी प्रती मोजून ४२५ काढल्या होत्या. आपल्याकडे असे हौशी छापखाने फारसे रुजले नाहीत. ती हौस प्रासचे अशोक शहाणे आणि कोलटकर यांनी थोड्या पुस्तकांत भागवली.

या सगळ्या पुस्तकांच्या मागे सूच्या आहेत, बाजार आहे, जाणकार आहेत. जत्रेतल्या पुस्तिकेमागे कोणीच नाही. झाडीच्या मुलखात, म्हणजे पूर्व विदर्भात, छापलेल्या बहुतेक पुस्तकांना दुसरी आवृत्ती निघतच नाही. पाचशे-हजार प्रती निघतात, जत्रेत, मेळाव्यात, घरोघरी विकल्या जातात आणि दोनचार पावसाळ्यांत कसर, वाळवी आणि रद्दीवाला मिळून उरलेल्या संपवतात. त्यामुळे इथे ‘ही पहिली आवृत्ती आहे का?’ हा प्रश्नच गौण ठरतो. हे पुस्तक निघालं होतं याला पुरावा काय, हा खरा प्रश्न.

२०२४ पर्यंत त्या प्रश्नाला सरकारी उत्तर होतं, निदान कागदावर. १८६७ च्या छापखाने व पुस्तकनोंदणी कायद्याने प्रत्येक पुस्तकाचं नाव, भाषा, लेखक, मुद्रक, प्रकाशक, पानं, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या, किंमत, शिळाप्रेसवर छापलं की खिळ्यांनी, एवढं सगळं नोंदवायला लावलं. मराठी सूचिकारांनी त्या सालाआधीच्या पुस्तकांना ‘दोलामुद्रिते’ म्हणून वेगळं काढलं ते उगाच नाही. पुढे शंकर गणेश दाते यांनी ‘मराठी ग्रंथसूची’च्या दोन खंडांत १८०० ते १९५० पर्यंतची पुस्तकं लावून दिली, आणि आजही जुन्या पुस्तकाचा वाद दाते उघडूनच मिटतो. हा १८६७ चा कायदा आता रद्द झाला. त्याच्या जागी आलेला २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू आहे आणि तो फक्त नियतकालिकांचा आहे. पुस्तकं त्यातून वगळली. राहतो तो १९५४ चा कायदा, ज्यानुसार प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना प्रत पाठवायची. कचारगडच्या जत्रेत पुस्तिका विकणारा माणूस पदरचं टपाल खर्चून कोलकात्याला प्रत पाठवेल, ही अपेक्षा कोणी धरू नये.

म्हणजे या पुस्तिकांची नोंद घेईल तर संग्राहकच. आपण घेतली नाही तर ती होणार नाही.

नोंद घ्यायची म्हणजे काय, हे १९३४ सालच्या एका गाजलेल्या प्रकरणातून कळतं. टॉमस वाइज हे इंग्लंडातले नामांकित संग्राहक. त्यांनी बाजारात आणलेल्या एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक ‘दुर्मीळ’ पुस्तिका बनावट असल्याचं जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या दोन तरुण ग्रंथविक्रेत्यांनी त्या वर्षी दाखवून दिलं. एलिझाबेथ ब्राउनिंग यांच्या सुनीतांच्या पुस्तिकेवर ‘रीडिंग, १८४७’ छापलं होतं. पण तिच्या कागदाचा लगदा ज्या पद्धतीचा होता, ती पद्धत त्या काळी वापरातच नव्हती. वाइज यांनी पुस्तिकाच निवडल्या, कारण पुस्तिकेची नोंद कोणी ठेवत नाही. पुस्तिकेवरचा छापील मजकूर खोटा सांगत होता, कागद आणि खिळे खरं सांगत होते.

जत्रेतल्या पुस्तिकेचंही तसंच आहे. साल नसेल तर कागद, पिन, शिक्का आणि अक्षर यांवरूनच ते काढावं लागतं. एक उदाहरण देतो. गोंडी लिहिण्यासाठी शेजारच्या बालाघाटचे मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली लिपी तयार केली. युनिकोडमध्ये ती २०१७ साली आली. एखाद्या पुस्तिकेत ही अक्षरं दिसली तर ती हाताने काढून ठोकळा केलेली, खासगी फॉन्टची की युनिकोडची, हे लिहून ठेवा. वीस वर्षांनी छपाईचा काळ ठरवायला तीच ओळ कामी येईल.

म्हणूनच बाइंडिंगचा मोह टाळा. एका सार्वजनिक ग्रंथालयात अशा पुस्तिकांचा गठ्ठा एकत्र शिवलेला पाहिला. मुखपृष्ठं काढून टाकलेली, कडा मशीनवर सरळ कापलेल्या, वर कापडी पुठ्ठा, पाठीवर सोनेरी अक्षरात ‘संकीर्ण’. ग्रंथपालांनी कौतुकाने दाखवला, कारण पुस्तकं निर्लेखनातून वाचली होती. वाचली खरी, पण किंमत, शिक्का आणि मुद्रकाचा पत्ता मलपृष्ठावर होता, तो गेला. लॅमिनेशन आणि सेलोटेप यांचंही तेच. सेलोटेप चारपाच वर्षांत पिवळी पडते आणि खालची अक्षरं घेऊन निघते. फाटलेल्याला पातळ टिश्यू आणि गव्हाची खळ लावा. गंजलेली पिन आधी नोंदवा, फोटो काढा, मगच ती काढून तिथे सुती दोरा घाला. पुस्तिका आम्लरहित कागदाच्या पाकिटात आडवी ठेवा. दाखल क्रमांक शिसपेन्सिलीने पाकिटावर लिहा, पुस्तिकेवर नको.

वहीत किमान इतकं हवं: कुठल्या जत्रेत, कोणत्या तिथीला, कोणाच्या दुकानातून, किती रुपयांना घेतली, पानं, मापं, कागदाचा रंग, छापखान्याचं गाव, विक्रेत्याने सांगितलेलं काहीही, त्याच्याच शब्दांत. झाडीपट्टीच्या नाटकांची हस्तपत्रकं आणि भित्तिपत्रकंही याच वहीत आली पाहिजेत. अर्जुनी-मोरगावच्या भिंतींवर दिवाळीपासून लागणारं पत्रक होळीनंतर दिसत नाही, आणि कित्येक नाटकांची संहिता छापलीच जात नसल्याने नाटक झाल्याचा तेवढाच छापील पुरावा उरतो.

एक गोष्ट पाळायची. या पुस्तिका आपल्यासाठी छापलेल्या नाहीत. त्या कोया पुनेम, म्हणजे गोंडी धर्म, मानणाऱ्यांनी आपल्या माणसांसाठी काढलेल्या आहेत. मोतीरावण कंगाली यांच्यासारखा माणूस नागपुरात नोकरी करता करता गोंडी धर्म-संस्कृतीवर पुस्तकामागून पुस्तक लिहीत होता, ते संग्राहकांच्या कपाटासाठी नव्हे. दुकानदाराशी घासाघीस करू नका. गठ्ठा उचलून शहरात चढ्या भावाने विकू नका. ज्याला वाचायची आहे त्याच्या हातची शेवटची प्रत घेऊ नका.

माघी पौर्णिमेला दरेकसा स्टेशनवर उतरून धनेगावच्या वाटेला लागलात, की पिवळे झेंडे दिसू लागतात. वर कचारगडच्या गुहेकडे जाण्याआधी पुस्तकांच्या दुकानाशी थांबा. प्रत्येक नव्या पुस्तिकेच्या दोन प्रती घ्या, एक स्वतःसाठी, एक जिल्हा ग्रंथालयासाठी, छापील किमतीत. साल छापलेलं नसेल तर विकणाऱ्यालाच विचारा. बहुतेक वेळा तो लेखक तरी असतो नाहीतर लेखकाचा मुलगा, आणि साल त्याला पाठ असतं.